कडब्यातून डबा : पहिली-दुसरीच्या मुलांना वाचतं करण्याच्या हातच्या युक्त्या

दुसरीतला एक मुलगा पुस्तक उघडून माझ्यासमोर बसला होता. पानावर एक चित्र आणि चित्राखाली शब्द, 'बैल'. त्यानं शब्दावर बोट ठेवलं आणि ठणठणीत आवाजात वाचलं, "गोऱ्हा." मी म्हटलं, नीट बघ. त्यानं नीट बघितलं, पण चित्राकडेच. "गोऱ्हाच हाय मॅडम. बैल कसा आसंल? नाकात वेसन कुठाय त्याच्या?"

चित्रापुरतं त्याचंच खरं होतं. चित्रकारानं वेसण काढलीच नव्हती. जनावराची पारख त्याला माझ्यापेक्षा जास्त, शब्दही माझ्यापेक्षा नेमका. फक्त खाली छापलेल्या अक्षरांकडे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. आणि वर्षभर त्याच्या नावापुढं मीच 'वाचतो' असं लिहीत आले होते, कारण सगळ्या वर्गाबरोबर तो धडेच्या धडे घडाघडा म्हणायचा.

अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत त्यानंतर बरंच काही करून पाहिलं. त्यातलं जे टिकलं ते इथं लिहिते. साहित्य म्हणाल तर जुन्या लग्नपत्रिका, चिंचोके, सुतळी, कपड्यांचे चिमटे आणि खडू. विकतचे चकचकीत तक्तेही एकदा आणले होते. लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड पडायचा आणि मागच्या रांगेला नुसती चमक दिसायची.

आधी कोण कुठं आहे ते बघा

जूनमध्ये शाळा भरली की पहिल्या आठवड्यातच प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून तपासायचं. एका कागदावर चार गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा : दहा सुटी अक्षरं, दहा सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि आठ-दहा वाक्यांची गोष्ट. चित्र एकही नको. अक्षरं क-ख-ग अशा ओळीनं लिहू नका, नाहीतर मूल वाचणार नाही, म्हणेल. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून होणाऱ्या 'असर' पाहणीत, म्हणजे मुलांना किती वाचता येतं ते बघणाऱ्या पाहणीत, हीच शिडी वापरतात आणि तिथली एक चांगली रीत उचलण्यासारखी आहे. सुरुवात परिच्छेदापासून करायची. जमला तर वर गोष्टीकडे जायचं, नाही जमला तर खाली शब्दांवर आणि मग अक्षरांवर. अक्षरापासून सुरू केलं की चौथीचं मूल पहिल्या मिनिटालाच खट्टू होतं.

एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. मी हे मधल्या सुट्टीत लिंबाच्या पारावर करते. दोघंतिघं खांद्यावरून डोकावतात आणि उत्तरं पुरवतात, त्यांना चिंचोके वेचायला पिटाळायचं. चिंचोके पुढं लागणारच आहेत.

मग रोज एक तास पहिली ते चौथी मोडून पातळीप्रमाणे गट. इथं एक अडचण हमखास येते. चौथीतली मुलगी पहिलीच्या पोरांत बसायला तयार होत नाही, आणि तिचं काही चुकत नाही. म्हणून गटांना आकडे देऊ नका. आमच्याकडे चिंच, बाभूळ आणि लिंब असे गट आहेत. मोठ्या मुलीकडे पत्त्यांची पेटी सांभाळण्याचं काम दिलं की ती तिथं 'ढ' म्हणून बसत नाही, कारभारीण म्हणून बसते.

कानाचं काम, रोज दहा मिनिटं

वाचायच्या आधी शब्द कानाला फुटला पाहिजे. 'भाकरी' हा मुलासाठी एक सलग आवाज असतो. त्यात भा, क, री असे तीन तुकडे आहेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यासाठी वही-पुस्तक काही लागत नाही.

पहिले दोन-तीन दिवस नुसत्या टाळ्या. मुलांनी स्वतःच्या नावाच्या टाळ्या वाजवायच्या, मग गावाच्या, मग जेवणाच्या ताटातल्या वस्तूंच्या. मग टाळीऐवजी चिंचोका : जितके तुकडे तितके चिंचोके पुढं सरकवायचे. पुढं मधल्या चिंचोक्यावर बोट ठेवून विचारायचं, "ह्याचा आवाज कोणता?" 'भाकरी'च्या मधल्या चिंचोक्याला 'क' म्हणणारं मूल वाचायला तयार झालं असं समजा.

त्यानंतरचा खेळ पोरांचा सगळ्यात आवडता. पहिला चिंचोका उचलायचा आणि उरलेलं म्हणायचं. कमळ, मळ. सकाळ, काळ. बाजरी, जरी. कडबा, डबा! कडब्यातून डबा निघाला तेव्हा वर्ग पाच मिनिटं आवरत नव्हता. मग पोरं स्वतःच शोधायला लागतात. एकानं घरून शोधून आणलं, 'मुकादम'मधून 'मुका' काढला की 'दम' उरतो. मुकादम म्हणजे ऊसतोडीच्या टोळीचा ठेकेदार, त्यामुळे ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोराला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

उरलेला शब्द निरर्थक निघाला तरी चालतो. 'कापूस'चा 'पूस' होतो, हसू द्यावं.

पाच अक्षरं आणि एक काना

पूर्वी मी सरळ मार्गानं जायचे. आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द. दिवाळी येईपर्यंत बाराखडी संपायची आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. म्हणजे जी मुलं आईबापांबरोबर कारखान्यांवर जायची त्यांनी शाळेत शिकलेल्या अक्षरांतून एकही शब्द कधी वाचलेलाच नसायचा. चार महिन्यांत हाती काय, तर म्हणता येणारी बाराखडी. पुढच्या उन्हाळ्यात तीही विसरलेली.

आता पहिल्या आठवड्यात पाचच अक्षरं घेते : क, म, ल, ब, र. आणि त्यांच्याबरोबर लगेच काना. अक्षर एकटं येत नाही, शब्द घेऊनच येतं. एवढ्या भांडवलात किती शब्द होतात ते मोजून पाहा : काम, मका, लाल, माल, बाक, बरा, कमल, काका, मामा, बाबा, मला, बकरा. वाक्यही होतं. "काका, मला लाल बकरा!" पहिल्या आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं आणि वाचून हसलेलं वाक्य.

पत्ते असे करा. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर साधारण पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे तुकडे कापा. अक्षर जाड लिहा, शिरोरेषा पत्त्याच्या वरच्या कडेला समांतर आणि प्रत्येक पत्त्यावर एकाच उंचीवर आली पाहिजे. मग पत्ते शेजारी ठेवले की रेघ जुळते आणि शब्द शब्दासारखा दिसतो. काना वेगळ्या रंगात, अरुंद पत्त्यावर. दर अक्षराचे चार पत्ते तरी हवेत, नाहीतर 'काका' करताना दोन क कुठून आणणार?

खेळायची रीत साधी. मी शब्द बोलते, मूल चिंचोके मांडतं, मग प्रत्येक चिंचोक्याच्या जागी पत्ता ठेवतं. तयार झालेला शब्द वाचायचा, मोडायचा, पाटीवर न बघता लिहायचा. ज्याला लिहायला जड जातं त्यानं परातीतल्या ज्वारीत बोटानं लिहावं. शहाबादी फरशी असेल तर ओल्या खडूनं फरशीवर लिहू द्या. वाळल्यावर अक्षर ठसठशीत पांढरं उठतं, त्यासाठी पोरं वाळायची वाट बघत बसतात.

दुसऱ्या आठवड्यात न, स, त, प, व आणि मोठी वेलांटी. पुढं पाच-पाचचा गट घेत जा. दर आठवड्याला आधीच्या अक्षरांचे शब्द नव्यांत मिसळा. 'ञ' आणि 'ङ' यांची घाई कुणालाच नाही.

मात्रांची माणसं

ऱ्हस्व वेलांटीपाशी बरीच मुलं अडतात. 'कि' म्हणताना आधी क ऐकू येतो, पण लिहिताना वेलांटी क-च्या आधी बसते. कानाला एक क्रम, डोळ्याला दुसरा. हे तोंडानं कितीही सांगा, अंगानं केल्याशिवाय उतरत नाही.

एक मूल छातीवर 'क'चा पत्ता धरून उभं राहतं. बाकीची मात्रा होतात. ऱ्हस्व वेलांटी डाव्या बाजूला उभी राहून हात क-च्या डोक्यावरून नेते. दीर्घ वेलांटी उजवीकडून तसाच हात टाकते. उकार पायाशी बसतो, मात्रा मागं उभं राहून डोक्यावर हात धरते, अनुस्वार डोक्यावर मूठ ठेवतो. प्रत्येक बदलाला वर्गानं ओरडून वाचायचं : कि! की! कु! के! कं!

पहिल्या वेळी मी सपशेल फसले. मुलं वर्गाकडे तोंड करून उभी होती, मी सांगितलं "डावीकडं जा," ती आपल्या डावीकडं गेली आणि बघणाऱ्यांना नेमकी दीर्घ वेलांटी दिसली. म्हणून डावं-उजवं म्हणूच नका. "दाराकडची बाजू," "खिडकीकडची बाजू" असं म्हणा, किंवा सगळ्यांना फळ्याकडे तोंड करून, पत्ता पाठीवर लावून उभं करा.

वर्गाची पासोडी

माझ्या मते सगळ्यात जास्त फळ देणारा प्रकार हा, म्हणून जरा सावकाश सांगते.

अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ कागदावर लिहिण्याऐवजी लांबलचक कापडावर लिहिला, तीच त्यांची पासोडी. तिची गोष्ट मुलांना सांगितली आणि वर्गात एका भिंतीवर जुनं धोतर आडवं ताणून बांधलं. त्यावर सुतळ्या, सुतळ्यांना चिमटे. ही आमची पासोडी. हिच्यावर फक्त मुलांनी सांगितलेलं लटकतं.

येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी काय केलं ते सांगते, म्हणजे रीत कळेल. आदल्या दिवशी अख्खं गाव रानात होतं, त्यामुळे पोरांच्या तोंडाला खळ नव्हता. मी विचारलं, "काल काय काय झालं?" सगळी एकदम बोलली. त्यातून पाच वाक्यं निवडली आणि कागदाच्या पाच लांब पट्ट्यांवर, मुलांसमोर, एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहिली :

आमी रानात गेलाव.
कोपीत पाच पांडव मांडले.
आजीनं भज्जी केली.
मी लई आंबील पेलो.
मला झोप आली.

(कोपी म्हणजे रानात उभारलेली कडब्याची झोपडी.) जसं बोलली तसंच लिहिलं. 'गेलाव'चं 'गेलो' केलं नाही. मूल स्वतः जे बोललं तेच कागदावर दिसलं पाहिजे, तरच बोललेलं लिहिता येतं आणि लिहिलेलं परत बोलता येतं हे त्याला उमजतं. आपण लगेच दुरुस्ती केली तर त्याला दिसतं ते भलतंच, आणि मग ते वाचत नाही, पाठ करतं.

पहिल्या दिवशी एवढंच. लिहिणं आणि दोनदा मिळून वाचणं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं पट्टीवर बोट फिरवत एकट्यानं वाचायचं. बोट शब्दाच्या पुढं पळालं की थांबवा आणि शब्द मोजायला लावा. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांची अदलाबदल करून ठेवा, मुलांनी त्या गोष्टीच्या क्रमानं लावायच्या. झोप आधी आणि आंबील नंतर लावली की वाद होतात, तो वाद वाचूनच मिटवायचा.

चौथ्या दिवशी कात्री. वाक्यांचे शब्द सुटे करा आणि गटागटानं पुन्हा जुळवू द्या. पाचव्या दिवशी तेच शब्द वापरून नवीन वाक्यं. आमच्याकडं निघाली ती अशी : "आजीनं आंबील केली." "कोपीत झोप आली." एका मुलीनं लावलं, "पाच पांडव रानात गेलाव." वाचून स्वतःच थांबली. "न्हाई, पांडव गेले. आमी गेलाव." मग 'गेले'चा पत्ता तिनंच लिहून आणला. क्रियापदाचा पुरुष मी एरवी कोणत्या दिवशी शिकवला असता कोण जाणे.

पुस्तकातली भाषा कधी आणायची? त्याच आठवड्याच्या शेवटी. पट्टीखाली दुसऱ्या रंगात दुसरी ओळ लिहायची : "आम्ही रानात गेलो." वरची घरची ओळ, खालची पुस्तकाची ओळ. दोन्ही वाचायच्या, फरक मुलांनीच शोधायचा. 'पानी' आणि 'पाणी' हा प्रश्नही असाच सोडवते. बोलताना टोकत नाही, लिहिताना मात्र 'ण'चा पत्ता शोधायला लावते. एकदोन पालकांनी तक्रार केली होती की मॅडम पोरांना गावठी शिकवतात. त्यांना शनिवारी बोलावून पोरांकडून दोन्ही ओळी वाचून घेतल्या.

बंजारा तांड्यावरच्या मुलांसाठी तिसरी ओळही लागते. त्यांच्या घरी गोरमाटी बोलतात, आई म्हणजे 'याडी', भाकरी म्हणजे 'बाटी'. पहिलीत आलेल्या तांड्यावरच्या लेकराला 'आई'चं 'आ' शिकवताना आपण एकाच वेळी भाषाही नवी देतो आणि अक्षरही नवं. त्यापेक्षा 'बाटी' शब्द पत्त्यांनी लावून दाखवा. ब, ट, काना, वेलांटी सगळं त्यातच आहे. मला गोरमाटी येत नाही, शब्द मुलांनाच विचारते, माझा उच्चार ऐकून ती पोटभर हसतात. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू आणि उदगीर-उमरग्याकडं कन्नड घरात बोलणारी मुलं असतात. तिथल्या शिक्षकांनीही हीच युक्ती करून पाहावी.

जोडाक्षराची घडी

ज्या अक्षरांना उजवीकडं उभी दांडी असते (ग, त, न, प, ब, म, ल, स वगैरे) त्यांचा पत्ता दांडीपाशी मागं दुमडला की अर्धं अक्षर तयार. 'बसता' पत्त्यांनी लावा आणि वाचा. आता 'स'ची दांडी दुमडून पत्ते जवळ सरकवा : बस्ता. लग्नाचा बस्ता सगळ्यांना माहीत असतो, आणि पत्ता लग्नपत्रिकेचाच असतो. याच घडीनं रस्ता, पत्ता, गल्ली, लग्न, चप्पल होतात. 'क' आणि 'फ' यांचा बाक कापावा लागतो, 'ट', 'ड', 'द', 'ह' यांना घडी चालत नाही आणि 'र' तर कुठं खाली, कुठं डोक्यावर. ती सगळी तिसरीत, एकेक करून.

मोठ्यानं वाचून दाखवणं

रोज एक गोष्ट शिक्षकानं वाचून दाखवावी, पुस्तक मुलांकडं धरून. मधे एकदाच थांबून "आता काय होईल?" विचारा. दर वाक्याला प्रश्न विचारले की गोष्ट मरते. संपल्यावर "कोण होतं?" एवढ्यावर सोडू नका. "तू असतास तर?" विचारा आणि उत्तर चुकीचं ठरवू नका.

वेगाबद्दल एक शब्द. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. मराठीत 'शेतातल्यांनाही' हा एक शब्द आणि 'तो' हाही एकच शब्द. घड्याळ लावून मोजा, पण उतारा बघून मोजा. आणि मिनिट संपल्यावर "काय वाचलंस?" हे विचारायला विसरू नका.

लिहायला कारण द्या

नक्कललेखन कंटाळवाणं असतं, मुलांना आणि तपासणाऱ्यालाही. त्यापेक्षा खिचडीचा फळा द्या. स्वयंपाकघराच्या दाराशी छोटी पाटी, रोज एका मुलानं मावशींना विचारून लिहायचं : "आज मटकी." आख्खी शाळा ते वाचते, त्यामुळे चूक लपत नाही आणि दुरुस्त करणारेही पन्नास. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी घरच्या सामानाची यादी लिहायची. वर्गात एक पत्रपेटी ठेवा, म्हणजे बुटाचं खोकं. कुणीही कुणालाही चिठ्ठी लिहावी. आमच्या पेटीत आलेली पहिली चिठ्ठी मला होती : "मडम माजी पेनसील रूत्वीक कड हाय." तीत पाच-सहा चुका होत्या, पण निरोप पोचला होता आणि पेन्सिलही परत मिळाली. तिला लाल शाई लावली नाही. पुढच्या आठवड्यात सगळ्यांसाठी 'ॲ'चा पत्ता काढला.

दिवाळीनंतर

काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात, काही कोयत्याबरोबर, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर, जातातच. जाणाऱ्यांना रिकाम्या हातानं पाठवू नका. खताच्या पोत्याची छोटी पिशवी शिवून तीत त्या मुलाला येणाऱ्या अक्षरांचे पत्ते, पासोडीवरच्या त्याच्या स्वतःच्या पट्ट्या, एक पातळ गोष्टीचं पुस्तक, खडू. कागद फडात टिकत नाही, पत्रिकेचा पुठ्ठा टिकतो. वडिलांच्या फोनवर आठवड्यातून एकदा वाचन रेकॉर्ड करून पाठवायला सांगते. नेटवर्क, चार्जिंग आणि थकवा यांतून जेवढे येतात तेवढे. गेल्या साली एका मुलीच्या आवाजामागं ट्रॅक्टर चालू होता, तरी 'गल्ली'तलं जोडाक्षर स्वच्छ ऐकू आलं.

मार्च-एप्रिलात मुलं परतली की त्यांना आपोआप खालच्या गटात घालू नका. पुन्हा पारावर, पुन्हा पाच मिनिटं, परिच्छेदापासून सुरुवात. काही विसरलेली असतात, पण काही फडातल्या गाड्यांवरच्या पाट्या वाचून पुढं गेलेलीही निघतात. मला दोन्ही भेटली आहेत.

तपासणी एरवीही महिन्यातून एकदा. वहीत चार रकाने : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल ज्या रकान्यात बसेल तिथं त्याचं नाव पेन्सिलीनं लिहायचं. गोऱ्हावाल्याचं नाव मी दुसऱ्या रकान्यातून सप्टेंबरात खोडलं. तिसऱ्यात लिहायच्या आधी 'बैल'चं तेच पान त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं वाचलं, "बैल." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "पन हाय गोऱ्हाच."